नऊच वाजले

१

शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी हाय. आता शपथ कुणाची ते इचारू नका. आणि शंभर टक्के म्हणजे, ज्याच्यासोबत घडली त्यानं मला सांगितली, आणि तो एक नंबरचा थापाड्या. पण एक हाय. थाप मारताना रविकिरणचा चेहरा पाटीसारखा कोरा असतो. ही सांगताना मात्र तो कोरा राहिला नाही. म्हणून मी म्हणतो, खरी. बहुतेक.

तर निलंग्यात बसस्टँडपासून दहा मिनिटांवर माती तपासायची एक प्रयोगशाळा हाय. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक कडूलिंबाचं झाड आणि एक लेझरचं यंत्र. रविकिरण ते यंत्र चालवतो. शेतातून मातीची पिशवी आली की ती सावलीत वाळवायची. ढीग करायचा. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले दोन मिसळायचे आणि पुन्हा चार भाग. वाटीभर उरेपर्यंत फेकतच राहायचं. मग त्यातली चमचाभर घेऊन वाटायची, चाळायची, आणि यंत्रात दाबून तिची रुपयाएवढी वडी पाडायची.

ती वडी लेझरच्या पेटीत ठेवायची आणि झाकण लावायचं. झाकण उघडं असलं तर लेझर सुटतच नाही, मुद्दाम तसं बनवलंय. झाकणाला एक नारिंगी काच, आत बघायला. बटण दाबलं की लेझर वडीवर दहा ठिकाणी दहा ठोके मारतो. दर ठोक्याला बारीक ठिणगी उडते आणि आवाज येतो, टक्. ठिणगीच्या उजेडात कोणता धातू किती जळाला, ते पडद्यावर उभ्या रेघांनी दिसतं. शिशाची रेघ वेगळी, लोखंडाची वेगळी. दहा टक्, दहा नोंदी, संपलं. दुसरी वडी.

असं दिवसाला चाळीस वेळा करून माणसाचं काय होतं? माणूस खोड्या काढतो. एका आजोबांच्या मातीच्या अहवालावर त्यानं लिहिलं होतं, "मीठ चवीनुसार." आजोबांनी खरंच पोतंभर मीठ आणलं, ते पसरायच्या आत पळत जाऊन सांगावं लागलं. सोबत काम करणाऱ्या सुकन्याला त्यानं संक्रांतीला तिळाच्या वड्यांत एक मातीची वडी खाऊ घातली. सुकन्या चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याच्या हेल्मेटमध्ये शेणखत निघालं.

हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढं जे झालं ते त्यानं कुणाला सांगितलं असतं तरी कुणी यकीन केला नसता.

२

त्या महिन्यात एकाच गावाहून एकसष्ट पिशव्या आल्या. गाव रविकिरणचंच. तिथं शिवाराला लागून पत्र्याच्या शेडात एक भट्टी होती, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची. भट्टी बंद झाली, मालक गेला, पत्रेसुद्धा गेले. धुरातून जे शिवारभर सांडलं ते राहिलं. आता ठरलं होतं की ज्या मातीत शिसं मर्यादेच्या वर निघेल, तिथली वरची माती जेसीबीनं खरवडायची, ट्रॅक्टरनं लांब नेऊन टाकायची आणि नवी माती आणून भरायची.

प्रत्येक पिशवीसोबत एक फॉर्म. सत्तेचाळीस नंबरची पिशवी सुकन्यानं उघडली आणि फॉर्म वाचून रविकिरणकडं बघितलं.

"रव्या, हे तुझंच काम."

त्यानं फॉर्म घेतला. शेतकऱ्याचं नाव: गुरुपादप्पा. जागा: बांधालगतचा उगवतीचा कोपरा. मागचं पीक: गुरम्मा. पुढचं पीक: तेच.

"माझं न्हाई," तो म्हणाला. "माझ्या बापाचं हाय."

"तुझे अप्पा बी असलेच का?"

त्यानं बाहेर जाऊन फोन लावला. "अप्पा, फॉर्मवर काय लिवलं तुमी?"

"जे इचारलं ते लिवलं," अप्पा म्हणाले. "मागं काय होतं म्हणून इचारलं. त्या कोपऱ्यात तीन वर्सं झाली तुझी अव्वाच हाय."

"आन् पुढचं पीक तेच?"

"मग काय तिच्या डोस्क्यावर सोयाबीन घेऊ?"

लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत. बसवून पुरतात, हातात इष्टलिंग देऊन. गुरम्मा म्हणजे रविकिरणची अव्वा, आई, तशी त्या कोपऱ्यात बसलेली होती. वर एक चौथरा, बेलाचं एक रोप. अप्पा दुपारची भाकरी तिथंच बसून खायचे.

"रवी," अप्पा म्हणाले, "शिसं निघालं तर ते लोक कोपरा बी खरवडणार म्हणं. मिशीन तुझ्या हातात हाय. बघ."

फोन बंद. जन्मात अप्पांनी त्याला काही मागितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा ते स्वतः उठून घ्यायचे.

३

सत्तेचाळीसची वडी त्यानं पेटीत ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. सवयीनं तो मोजत होता. टक्, टक्, टक्. नऊ झाले आणि शांत.

पडद्यावर मात्र दहा नोंदी.

असं होतं कधी. कान चुकतो, बाहेरून एखादी एसटी जाते. त्यानं वडी काढून भिंगाखाली धरली. लेझर जिथं पडतो तिथं सुईनं टोचल्यासारखा खड्डा पडतो. खड्डे नऊ.

मग दहावी नोंद कशाची? त्यानं ती उघडली. पहिल्या नऊ सारख्याच, आणि शिसं मर्यादेच्या अडीचपट. दहावीत शिसं नव्हतंच. लोखंड नव्हतं, मातीतलं काहीच नव्हतं. मिठाची उंच रेघ, पोटॅशची त्याहून जरा बुटकी, थोडा चुना.

सुकन्या मागून वाकून बघत होती. "बोट लावलास ना वडीला?"

"न्हाई."

"अरे घामाच्या रेघा हायत ह्या. माणसाचं बोट लागलं की असंच येतं. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आपल्याला."

"बोट लागलं तरी खाली मातीच्या रेघा येतील की. आन् झाकण बंद होतं."

"मग बंद झाकणाच्या आत कुणाचं बोट होतं? तुझ्या पणज्याचं?"

एरवी तो हसला असता, पणज्याच्या नावानं अहवालसुद्धा काढला असता. त्यानं गपचूप शेचाळीस नंबरची वडी लावली. दहा. अठ्ठेचाळीसची लावली. दहा. सत्तेचाळीसची नवी वडी पाडली, हातमोजे घालून, चिमट्यानं ठेवली. "मोज," तो सुकन्याला म्हणाला.

यंत्र वाजून थांबलं.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

सुकन्यानं भिंतीवर बघितलं. "पावणेदोन."

"तसं न्हाई."

तिला कळायला क्षण लागला. "नऊ," ती म्हणाली. "नऊच वाजले." आणि मग लगेच, "मातीत खडा असंल. न्हाईतर काचेवर धूळ. लातूरच्या इंजिनियरला बोलवू." ती डबा घेऊन बाहेर गेली, आणि त्या दिवशी झाडाखाली बसून जेवली. एरवी ती आतच जेवते, पंख्याखाली.

४

किती वाजले. हे त्याच्या घरातलं होतं.

गुरम्मा त्याला अंघोळ घालून, भांग पाडून, तोंडावरून दोन्ही हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. सगळ्याच आया मोडतात. पण ह्या आईची बोटं दहा आणि आवाज नऊ. डाव्या हाताची करंगळी कडबा कापायच्या यंत्रात सापडली होती, तिचा सांधा गेला होता. वाकडी झालेली, थंड, मुकी करंगळी. ती करंगळीही ती मोडायची, इमानदारीत, शेवटी. आवाज यायचा नाही. मग विचारायची, "किती वाजले रे?" आणि पोरानं ओरडायचं, "नऊ!" सकाळचे सात असोत की दुपारचे बारा. परीक्षेला निघाला तरी नऊ, नोकरीला निघाला तरी नऊ. त्या घरात कधी दुसरे काही वाजलेच नाहीत.

भाकरी थापतानाही ती करंगळी दुमडत नव्हती. त्यामुळं तिच्या प्रत्येक भाकरीला कडेला एक खळगा पडायचा. रविकिरण तिथूनच तोडून खायला सुरुवात करायचा.

ती गेली तेव्हा तो पुण्याला होता, हेच यंत्र शिकायला. पोचेपर्यंत तिला बसवून झालं होतं. चेहरा दिसला, हात दिसले नाहीत. हात शालीत होते.

हे सगळं त्याला यंत्रासमोर बसून आठवलं, आणि मग तो स्वतःवरच चिडला. शिकलेला माणूस. खडा असंल. धूळ असंल. लेन्स हलली असंल. त्यानं एका कागदावर अकरा कारणं लिहिली, एकेक तपासलं, एकेक खोडलं. शेवटी कागदावर फक्त खोडाखोड उरली.

मग त्यानं जे करायचं ठरवलं होतं ते केलं. अंगणातल्या कडूलिंबाखालची चांगली माती खणली, तिची वडी पाडली, सत्तेचाळीसच्या नावानं लावली. दहा वाजले, खणखणीत. शिसं नावाला. अहवाल तयार झाला: जमीन निर्दोष, काही करायची गरज नाही. शनिवारी सगळे अहवाल एकदम जाणार होते. तोपर्यंत तो तसाच राहू दिला.

अव्वा वाचली. तिला आता कुणी हात लावणार नव्हतं.

खरी सत्तेचाळीसची माती फेकायला त्यानं उचलली. टोपलीपर्यंत गेला. मग परत आला, आपला स्टीलचा जेवणाचा डबा रिकामा केला, आणि ती माती त्यात भरून टेबलाखाली ठेवली.

५

त्या आठवड्यात दुपारी सुकन्या जेवायला झाडाखाली गेली की तो आतून कडी लावायचा.

डब्यातली चमचाभर माती, वाटायची, चाळायची, वडी. झाकण. बटण. नऊ टक्, आणि मग ती जागा जिथं दहावा यायला हवा. त्या जागेत खोलीतला पंखासुद्धा ऐकू येईनासा व्हायचा. पहिल्या दिवशी तो नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून हळूच निघून गेलं, "नऊ."

एवढं बोलल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. तीन वर्षं त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आज त्यानं उत्तर दिलं होतं.

दहावा ठोका कशावर पडतोय, हे त्याला मनातून माहीत होतं. लेझरनं कागद जळतो, पत्र्याला खड्डा पडतो. तरी तो बटण दाबायचा. आणि समोरून कुणी हात मागं घेत नव्हतं. आई कधी घेते का? बुधवारी चार वड्या झाल्या. डबा अर्ध्याच्या खाली गेला.

गुरुवारी त्यानं सगळ्या दहाव्या नोंदी एकाखाली एक लावल्या, नुसत्याच बघायला. मीठ, पोटॅश, चुना. मीठ, पोटॅश, चुना. मंगळवारच्या दुसऱ्या वडीत एक चौथी रेघ होती, केसाएवढी. बुधवारी ती बोटभर झाली होती. आजच्या वडीत सगळ्यात उंच तीच होती.

शिसं. मातीत होतं त्याच्याहून जास्ती.

तो बाहेर आला. सुकन्या चुळा भरत होती.

"सुक्के, मेल्यालं माणूस आजारी पडतं का?"

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, खोडी शोधत. बराच वेळ शोधली. मग म्हणाली, "घरी जा रे रव्या. अप्पाला भेटून ये."

६

अप्पा चौथऱ्याजवळच बसले होते, भाकरीचं फडकं सोडून. त्यांनी अर्धी मोडून त्याच्या हातात दिली. भाकरी अप्पांनीच थापलेली, एकदम गोल. रविकिरणनं कडेवरून अंगठा फिरवला. खळगा कुठंच नव्हता.

"अप्पा, अहवाल मी बदललाव. ह्या जागेला कुणी हात लावणार न्हाई."

"बेस केलास."

"पण मातीत शिसं लई हाय. अव्वाला लागून राहिलंय ते."

अप्पांनी घास थांबवला. त्यांनी "तुला कसं कळलं" असं विचारलं नाही. "लागतंय म्हंजे?"

"ती वर येऊन राहिली, अप्पा. मी बोलवलं की येते. आन् दर बारीला जास्ती लागून येते."

खरं म्हणजे इथं कुणीही बाप पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. अप्पांनी खाली मातीकडं बघितलं. उजव्या हातानं त्यांनी मातीवर पडलेले भाकरीचे तुकडे एकेक उचलले, जसे काही तिथं कुणाचं ताट होतं.

"मलाबी इथून उठवंना झालंय," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी तिला सोबत करून राहिलोय." बेलाच्या रोपाची पानं कडेनं पिवळी पडली होती. "काढ तिला," अप्पा म्हणाले. "आपल्या दोघांच्या हौसेपायी ती इखात बसलीय."

शुक्रवारी दुपारी डब्यात एका वडीपुरती माती होती. ती लावली नसती तरी चाललं असतं. खरा अहवाल आधीच्या नोंदींवरून करता आला असता. हे त्यालाही माहीत होतं. त्यानं लावली.

ह्या वेळी तो पडद्याकडं न बघता नारिंगी काचेतून आत बघत होता. नऊ ठिणग्या पडल्या. मग वडीच्या कडेला, जिथं लेझर नव्हता तिथं, माती हळूच दबली. वरून. भाकरीला पडतो तसला एक खळगा. काच आतल्या बाजूनं धुरकटली, कुणी जवळून श्वास सोडल्यासारखी, आणि त्याच्या डाव्या कानशिलाला काहीतरी टेकलं. थंड, वाकडं. टेकलं आणि दाबलं.

आवाज आला नाही.

"नऊ," रविकिरण म्हणाला. ह्या खेपेला ओरडूनच म्हणाला. बाहेर सुकन्यानं ऐकलं, आणि ती आत आली नाही.

शनिवारी खरा अहवाल गेला.

७

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी, सकाळच्या उन्हात, स्वामी आणि भाऊबंद आले. गावाच्या दुसऱ्या अंगाला, जिथली माती रविकिरणनं स्वतः तीनदा तपासली होती, तिथं गुरम्माला न्यायचं ठरलं होतं. मंत्र सुरू झाले. माती काढली. काय निघालं, कसं निघालं, ते मी सांगणार नाही. मला रविकिरणनंही सांगितलं नाही, कारण तो बांधावर पाठ करून उभा होता.

खड्ड्यात अप्पा उतरले होते. शाल उकलल्याचा आवाज आला. स्वामींनीही मंत्र थांबवला.

"रवी," खालून अप्पांनी हाक मारली. "किती वाजले रे?"

साडेअकरा झाले होते. सगळ्यांच्या हातात घड्याळं होती, मोबाईल होते.

"नऊ," रविकिरण म्हणाला.

"हाव," अप्पा म्हणाले. "नऊच हायत."

स्वामी म्हणाले, घुशी असतात जमिनीत, नेतात कधी काही. बरोबरच हाय. तीन वर्षं झाली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला नव्या जागी बसवलं, लांबून चांगली माती आणून घातली. अप्पा आता घरी जेवतात. जुन्या कोपऱ्यात ह्या हंगामात सोयाबीन आलं, पण अप्पा ते खात नाहीत.

स्टीलचा डबा मात्र अजून टेबलाखाली हाय. रविकिरणनं तो धुतला नाही, उघडलाही नाही. सुकन्यानं एकदा सफाई करताना उचलला. रिकामाच म्हणाली, वजन नाही. पण कलता केला तर आतून काहीतरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जातं. स्टीलच्या डब्यात. आणि आवाज येत नाही.

झाली गोष्ट.

असं बघू नका. मी आधीच सांगितलं, बहुतेक खरी. आता गोष्ट काही फुकट नसती. पैसे ठेवा खिशात, पैशाचं काय करू. दोन्ही हात पुढं करा. करा की. हां, आता मोडा एकेक बोट, अंगठ्यापासून, आरामात. मी मोजतो.

एक. दोन. तीन, चार, पाच. वा. सहा. सात. आठ. नऊ.

मोडा.

मोडलं? मला तर काही ऐकू आलं नाही. एक राहिलं तुमच्याकडं. ते दिल्याशिवाय उठायचं नाही.